दूध काढायचा पंप निवडताना: आधी माप, मग मोटर

माझ्या पहिल्या बाळंतपणात पंप घरी आला तो डोहाळजेवणाच्या दिवशी, चांदीच्या वाटी-चमच्याशेजारी रंगीत कागदात बांधून. बाळ व्हायला अजून दोन महिने होते. रजा संपायच्या आठवड्यात मी तो खोक्यातून काढला आणि लावला. वीस मिनिटांनी बाटलीच्या तळाशी जेमतेम १५ मिली दूध होतं आणि स्तनाग्राभोवती लालभडक वळ उठला होता. तीन दिवस तसंच चाललं. ‘दूधच कमी आहे’ असं मी ठरवलं, सासूबाईंनीही ठरवलं, आणि बाळाला वरचं दूध सुरू झालं. दुसऱ्या खेपेला वॉर्डातल्या एका सिस्टरांनी पट्टी घेऊन माझ्या स्तनाग्राचं माप काढलं: १६ मिलिमीटर. कपाटात पडलेल्या पंपाचं छातीला लागणारं नरसाळं २४ चं होतं. दूध तेव्हाही होतं. नरसाळं माझ्या मापाचं नव्हतं.

सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या आणि तरीही बाळाला आपलंच दूध मिळावं असं वाटणाऱ्या मुंबईतल्या आयांसाठी हे लिहिते आहे. पंप महाग की स्वस्त, कंपनी कुठली, हे प्रश्न मी शेवटी घेतले आहेत. त्यांच्याआधीचे प्रश्न जास्त कामाचे आहेत आणि दुकानात ते कुणी विचारत नाही.

आधी पान्हा समजून घ्या

आपल्याकडे ‘पान्हा फुटतो’ म्हणतात, आणि सगळं गणित त्या एका शब्दात आहे. बाळ ओढायला लागलं, किंवा नुसतं शेजारच्या खोलीत रडलं, की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याने स्तनातल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि दूध नळ्यांतून पुढे येतं. पंप फक्त हे पुढे आलेलं दूध गोळा करतो. पान्हाच फुटला नसेल तर कितीही जोराने ओढा, थेंबापलीकडे काही मिळत नाही. दुखणं, घाई, कुणी दार उघडेल ही भीती यांनी पान्हा अडतो. म्हणून दुखवणारा पंप वाईट पंप, मग त्याची किंमत काहीही असो.

दुसरी गोष्ट: स्तन जितका वेळ भरलेला राहतो, तितकं नवं दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. रिकामा होत राहिला तर शरीर पुढच्या वेळचं बनवत राहतं. ऑफिसात दिवसभर एकदाही दूध न काढता संध्याकाळी घरी पाजायचं, असं दोन-तीन आठवडे केलं की दूध ओसरायला लागतं ते यामुळे.

पायरी पहिली: तुम्हाला पंप लागणार आहे का?

घरीच असाल, बाळ नीट ओढत असेल, वजन वाढत असेल, तर पंपाची गरज नाही. कधी लग्नाला जायचं, कधी दवाखान्यात तीन तास मोडायचे, एवढ्यापुरतं दूध हाताने काढता येतं. त्यासाठी हजारो रुपये घालू नका. डोहाळजेवणात पंप भेट द्यायची पद्धत तर बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. बाळंतपणाआधी ना बाळ कसं ओढेल हे कळतं, ना आईचं माप ठरतं. भेट द्यायचीच असेल तर पैसे पाकिटात घाला.

पंप खरोखर लागतो तो तीन प्रसंगी. एक, आई कामावर परत जाते तेव्हा. दोन, बाळ मुदतीआधी जन्मून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असतं किंवा टाळू दुभंगलेली असल्यासारख्या कारणाने ओढू शकत नाही, तेव्हा. तीन, आईला आजारपणामुळे किंवा काही औषधांमुळे काही दिवस बाळापासून लांब राहावं लागतं, तेव्हा. या तिघींचा पंप एक नाही.

कामावर जाणाऱ्या आईने आधी कागदावर हिशोब मांडावा. १ ते ६ महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत साधारण ७५० ते ८०० मिली दूध पितं. म्हणजे ताशी सुमारे ३० मिली. तुम्ही सव्वाआठला पाजून निघालात आणि सव्वासातला परत येऊन पाजलंत, तर मधल्या ११ तासांचे झाले ३३० मिली. एका बैठकीत १०० ते १२० मिली निघालं तर ऑफिसात तीनदा काढायला हवं, किंवा ऑफिसात दोनदा आणि पहाटे घरी एकदा. हा आकडा हातात असला की पंप निवडणं निम्मं सोपं होतं.

रजेचाही विचार या हिशोबात घ्या. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, पण त्यातले ८ आठवडेच बाळंतपणाआधी घेता येतात. पूर्ण ८ आधी घेतलेत तर बाळ १८ आठवड्यांचं असताना, म्हणजे जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असताना, कामावर जावं लागतं. शेवटपर्यंत काम करून रजा मागे ठेवलीत तर बाळ सहा महिन्यांचं होतं, वरचं अन्न सुरू होतं आणि दुधाचा ताण हळूहळू कमी होतो. कंत्राटी नोकरीत किंवा स्वतःच्या धंद्यात असलेल्या कितीतरी जणींना दोन-तीन महिन्यांतच उभं राहावं लागतं. त्यांना चांगल्या पंपाची गरज सगळ्यांत जास्त.

पायरी दुसरी: हाताने काढायला शिका, पंप घेणार असलात तरी

पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घट्ट असतो आणि चमचाभरच असतो. पंपात तो नळीला चिकटून वाया जातो. तो हाताने काढून चमच्याने द्यावा. चीक ‘जड’ म्हणून टाकून द्यायची जुनी पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती पाळू नका, बाळाचं पहिलं संरक्षण त्यातच असतं.

पद्धत अशी. हात साबणाने धुवा. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून तीनेक सेंटिमीटर मागे, साधारण काळसर भागाच्या कडेला ठेवा. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, मग सोडा. पुन्हा. बोटं कातडीवर घासू नयेत आणि स्तनाग्र पिळू नये. सुरुवातीला मिनिटभर काहीच येत नाही. मग थेंब, मग बारीक धार. एका जागचं थांबलं की बोटं गोल फिरवून दुसरीकडे.

हे एकदा हातात बसलं की पंप लावल्यावरही कामी येतं. पंप चालू असताना स्तन हलक्या हाताने चोळला, दाबला, आणि शेवटी दोन मिनिटं हाताने काढलं, तर नुसत्या मशीनपेक्षा जास्त दूध निघतं. चार्जर घरी विसरला त्या दिवशी तर हातच कामाला येतात.

पायरी तिसरी: माप घ्या

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे करा.

पंपाचा जो नरसाळ्यासारखा भाग छातीला लागतो त्याला कंपन्या फ्लँज किंवा ब्रेस्ट शील्ड म्हणतात. त्यावर २१, २४, २८ असे आकडे असतात. हा आकडा नरसाळ्याच्या नळीच्या व्यासाचा आहे, मिलिमीटरमध्ये. छाती मोठी की लहान, ब्राचा नंबर किती, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. भरगच्च छातीच्या बाईचं स्तनाग्र १४ मिलिमीटरचं असू शकतं आणि बारीक बाईचं २२ चं.

शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. आरशासमोर बसा. पाजल्यानंतर लगेच नको, तेव्हा स्तनाग्र सुजलेलं आणि ताणलेलं असतं. बोटाने हलकंसं चाळवून ते वर आलं की त्याच्या बुंध्याशी आडवं माप घ्या. भोवतीचा काळसर भाग मोजायचा नाही. दोन्ही बाजू मोजा, त्या वेगळ्या निघू शकतात आणि त्यात काही वावगं नाही. आलेल्या आकड्यापेक्षा शून्य ते तीन मिलिमीटर मोठं नरसाळं साधारण बसतं. माझ्या १६ ला १७ चं बसलं.

बहुतेक पंप खोक्यात २४ किंवा त्याहून मोठं नरसाळं घेऊन येतात आणि कितीतरी जणींना ते सैल होतं. म्हणून नवा पंप फेकायचं कारण नाही. नरसाळ्याच्या आत बसणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या मिळतात, त्यांना इन्सर्ट म्हणतात. १३ पासून २१ मिलिमीटरपर्यंतची मापं ऑनलाइन सहज मिळतात आणि पंपाच्या मानाने फार स्वस्त असतात. पहिल्या वेळी मला कुणी हे सांगितलं असतं तर पुढचे कितीतरी महिने वेगळे गेले असते.

लावल्यावर बघा: स्तनाग्र नळीत मोकळेपणी पुढेमागे सरकलं पाहिजे. ते भिंतींना घासत असेल, पांढरं पडत असेल, तर नरसाळं लहान आहे. भोवतीचा काळसर भाग बराचसा आत खेचला जात असेल, किंवा काढल्यावर तिथे गोल वळ उठत असेल, तर मोठं आहे. पंधरा-वीस मिनिटांनंतरही स्तन जड आणि गाठाळ वाटत असेल तरी मापावर संशय घ्या. माप काही आठवड्यांत बदलूही शकतं. कामावर रुजू होण्याआधी पुन्हा एकदा पट्टी लावा.

पायरी चौथी: प्रकार निवडा

केमिस्टकडे अजून मिळणारा, काचेच्या भांड्याला मागे रबरी फुगा असलेला भोंगा घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून धुता येत नाही, आणि ओढ किती द्यायची यावर ताबा राहत नाही. शंभर-दीडशेत मिळतो म्हणून तो अजून विकला जातो.

सिलिकॉनचा एकसंध पंप नुसता दाबून चिकटवतात. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने जे गळतं ते तो गोळा करतो. घरी साठा करायला छान, धुवायला सोपा. ऑफिसात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका, कारण तो स्वतः पान्हा आणत नाही.

हाताने दांडा दाबायचा मॅन्युअल पंप आठवड्यातून दोन-तीनदा लागणार असेल तर पुरतो. वीज नको, आवाज नाही, चार भाग धुतले की झालं. रोज तीनदा, महिनोन्महिने वापरायचा तर मनगट भरून येतं. बाळंतपणानंतर मनगट आधीच दुखत असेल तर तो विचार सोडाच.

विजेवरचा पंप कामावर जाणाऱ्या आईचा. इथे सिंगल की डबल हा खरा प्रश्न आहे. सिंगलने दोन्ही बाजूंना मिळून अर्धा तास जातो, डबलने पंधरा-वीस मिनिटं. दिवसातून एकदाच काढायचं असेल तर सिंगल ठीक. वरच्या हिशोबात दोन किंवा तीनदा आलं असेल तर मी डबलच घ्या म्हणेन. वाचलेला तो अर्धा-पाऊण तास तुमच्या जेवणाच्या सुट्टीचा असतो.

ब्राच्या आत बसणारे वेअरेबल पंप सध्या सगळ्यांना हवे असतात, आणि का ते मला समजतं. वायर नाही, नळी नाही, वर ओढणी घेतली की झालं. पण वाकलं की सांडतं, कपाची मर्यादा असते, स्तनाग्र नीट मधोमध बसलं का हे धड दिसत नाही, आणि बऱ्याच जणींना त्याने नेहमीच्या पंपापेक्षा कमी दूध मिळतं. दूध व्यवस्थित सुरू झालेलं आहे आणि जागेवरून उठायची सोयच नाही, अशा आईला तो उपयोगी. नुकतीच सुरुवात करणारीने एकमेव पंप म्हणून तो घेऊ नये.

बाळ एनआयसीयूत असेल तर गोष्टच वेगळी. तिथे दूध ‘आणायचं’ असतं, बाळ ओढत नसताना. अशा वेळी हॉस्पिटल ग्रेड डबल पंप लागतो. मेडेला सिंफनी हा त्यातला बऱ्याच ठिकाणी दिसणारा. तो विकत घ्यायला फार महाग आहे, पण मुंबईत असे पंप महिन्याच्या भाड्याने मिळतात. मोटर सामायिक आणि नरसाळी, नळ्या, बाटल्यांचा संच प्रत्येक आईचा स्वतंत्र, अशी त्याची रचना असते. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची आणि चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढायचं, त्यात रात्री एकदा तरी. पहिले दोन दिवस हाताने, मग हाताने आणि पंपाने. वॉर्डातल्या सिस्टरांना ‘आज किती निघालं’ ते रोज सांगा. थेंब निघाले तरी सांगा.

पायरी पाचवी: दुकानात काय विचाराल

ओढीचा आकडा विचारू नका. खोक्यावर ‘२५०’, ‘३००’ असे एमएमएचजी (ओढ मोजायचं एकक) लिहिलेले असतात. तेवढी ओढ क्वचितच कुणाला सोसते, आणि जास्त ओढ म्हणजे जास्त दूध असं नसतं. न दुखता जेवढी सोसते तेवढीच कामाची. त्याऐवजी दोन वेगळे मोड आहेत का ते विचारा: सुरुवातीला हलका आणि भराभर, पान्हा फुटल्यावर सावकाश आणि खोल. बाळही असंच ओढतं. ओढ आणि वेग वेगवेगळे कमीजास्त करता येत असतील तर उत्तम.

मग विचारा, सिस्टिम क्लोज्ड आहे का? म्हणजे दूध आणि मोटर-नळी यांच्यामध्ये पडदा आहे का. मुंबईत हा मुद्दा पहिल्या तिनात यायला हवा. जून ते सप्टेंबर इथली हवा कशी असते हे सांगायला नको. चामड्याच्या चपलेवर रात्रीत बुरशी येते. पडदा नसलेल्या पंपाच्या नळीत दुधाची वाफ शिरली की तिथेही तेच होतं आणि ती नळी आतून सुकत नाही. मोटरमध्ये बुरशी गेली तर धुवायचा मार्गच नाही. याच कारणाने जावेचा किंवा शेजारणीचा वापरलेला पंप घेऊ नका, कितीही प्रेमाने दिला तरी. घरगुती पंप एका आईसाठीच बनवलेले असतात.

बॅटरी आहे का, की प्लगच लागतो? काही मॉडेल सतत विजेला जोडूनच चालतात. ऑफिसात तुम्हाला जी जागा मिळेल तिथे प्लग असेलच असं नाही. यूएसबीवर चार्ज होणारा असेल तर पॉवर बँकवर भागतं. परदेशातून कुणी पंप आणत असेल तर अॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते फोटो मागवून बघा. फक्त ११० चा असेल तर आपल्या २३० वर जळेल.

आवाज. वन रूम किचनमध्ये पहाटे पाचला, बाजूला नवरा आणि पलीकडे सासूबाई झोपलेल्या असताना, घरघरणारी मोटर नको होते. दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगा.

आणि सुटे भाग. चोचीसारखा मऊ व्हॉल्व्ह ही पंपातली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आधी ढिली पडणारी वस्तू. पंपाची ओढ अचानक कमी वाटली तर दहातल्या नऊ वेळा मोटर ठीक असते, व्हॉल्व्हची चोच मिटत नसते. तो वेगळा मिळतो का, किती दिवसांत येतो, हे विकत घेण्याआधी पाहा. ज्या कंपनीचे व्हॉल्व्ह आणि लहान नरसाळी मिळत नाहीत तिचा पंप दोन हजारांनी स्वस्त असला तरी महाग पडतो. पंप स्वच्छतेच्या कारणाने बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. म्हणून वॉरंटी मोटरवर किती महिने आणि दुरुस्ती मुंबईत होते का, तेही बिलावर लिहून घ्या.

पायरी सहावी: कामावर जाण्याआधी तीन आठवडे

रुजू व्हायच्या आदल्या रात्री पंप उघडायचा नाही. तीन आठवडे आधी रोज एकदा काढायला लागा. पहाटेच्या पाजण्यानंतर तासाभराने बहुतेकींना जास्त दूध मिळतं. पहिले काही दिवस २०-३० मिलीच येईल, कारण शरीराने अजून ते दूध ‘मागणीत’ धरलेलं नसतं. घाबरू नका. आठवड्यात वाढतं. फ्रीजमध्ये दोन दिवसांपुरता साठा झाला की पुरे. डझनावारी पिशव्या भरायच्या नादात गरजेपेक्षा जास्त काढलंत तर दूध साकळून गाठी होतात.

बसताना पाठ टेकवा, खांदे सैल सोडा. बाळाचा व्हिडिओ किंवा त्याचं वापरलेलं दुपटं जवळ ठेवलं तर पान्हा लवकर येतो. बाटलीकडे बघत बसू नका, तिच्यावर पायमोजा चढवून ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण मिली मोजणं थांबलं की दूध येतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. दोन्ही हात मोकळे हवेत तर जुन्या घट्ट स्पोर्ट्स ब्राला पुढे दोन लहान छिद्रं पाडा आणि नरसाळी त्यातून बाहेर काढा.

ऑफिसात आधीच बोलून ठेवा. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोन जादा ब्रेक द्यायची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच होती. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा आली. एचआरशी बोलताना हे आकडे तोंडपाठ असू द्या. आणि बाथरूममध्ये बसून दूध काढायला तयार होऊ नका. जिथे तुम्ही डबा खाणार नाही, तिथे बाळाचं जेवण तयार करायचं नाही. आतून कडी लागणारी कुठलीही खोली, एक खुर्ची, एक टेबल, बस्स. माझ्या वाट्याला फायलींची खोली आली होती. दारावर मी पाटी लावायचे, ‘हिरकणी कक्ष’. एसटी स्थानकांवर हे नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यामुळे दार कुणी ठोठावलं नाही आणि समजावूनही सांगावं लागलं नाही. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या गवळणीचं नाव मराठी माणसाला दोनदा सांगायला लागत नाही.

पायरी सातवी: दूध घरापर्यंत नेणं

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेत आणि ऑक्टोबरात पंख्याखालीही तीसच्या वर असतं, म्हणून चार तासांचा भरवसा धरू नका. काढलं की लगेच थंड करा. गोठवलेल्या आइसपॅकसह जाड इन्सुलेटेड पिशवीत ते २४ तास राहतं. भांडुपहून सीएसएमटीचा माझा प्रवास पाऊण तासाच्या वरचा, आणि संध्याकाळी लेडीज डब्यात पिशवी आडवी-तिडवी व्हायचीच. झाकणाची, पेचाची बाटली घ्या आणि बाटली झिपच्या पिशवीत. दुधाच्या पातळ पिशव्या घरच्या फ्रीजरसाठी, गर्दीच्या गाडीसाठी नाहीत.

घरी फ्रीजच्या आत मागच्या बाजूला चार दिवस. दारात नको, ते सारखं उघडतं. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या खणात दोन आठवडे, वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिन्यांपर्यंत. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा, जुनं आधी वापरा. ताजं कोमट दूध थंड दुधात तसंच ओतू नका, आधी गार करून मग मिसळा. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळासाठी मात्र तुमच्या रुग्णालयाने सांगितलेली मुदत पाळा, ती बरीच कमी असते.

फ्रीजमधल्या दुधावर साय वर आणि पाणीदार भाग खाली असा थर दिसतो. ‘नासलं’ म्हणून ते ओतून दिलेलं मी पाहिलं आहे, आणि ते बघून आई रडलेलीही पाहिली आहे. नासलेलं नसतं, हलकं फिरवलं की एकजीव होतं.

बाळाला दूध देणाऱ्या आजीशी शांतपणे बसून बोला. तिच्या हिशोबात फ्रीजमधलं ते ‘शिळं’, आणि दूध म्हणजे उकळायचंच. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. पातेल्यात कोमट पाणी घ्यायचं, बाटली त्यात ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. गोठवलेलं दूध आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात उतरवून ठेवायचं, वितळल्यावर चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाच्या तोंडाला लागून उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं. म्हणून एका वेळी ६० मिलीच ओता, हवं तर पुन्हा घ्या. आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीच्या पिढीतलं चोचीचं बोंडलं वापरता आलं तर फार चांगलं. १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटलीच्या जाहिरातीला बंदी आहे, ती उगाच नाही. बोंडल्याने पाजणं आजीला आपल्यापेक्षा चांगलं येतं. तिला ते विचारलंत की ‘शिळं’ हा वादही मिटतो.

धुणं

दूध लागलेला प्रत्येक भाग प्रत्येक वेळी सुटा करून धुवायचा. आधी गार पाण्याने विसळा, मग गरम पाणी आणि साबण, वेगळ्या छोट्या टबात, वेगळ्या ब्रशने. भांड्यांच्या सिंकमध्ये नको. साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत घालू नका. २०१६ साली अमेरिकेत मुदतीआधी जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूचा संसर्ग झाला, आणि तो जंतू नीट न धुतलेल्या पंपात सापडला. भाग तासन्‌तास साबणपाण्यात पडून असायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा मुदतीआधी जन्मलेलं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. मोटर आणि नळी कधीच उकळायची नाही. व्हॉल्व्हला ब्रश लावू नका, चोच फाटते. मग स्वच्छ कपड्यावर, पंख्याखाली, पूर्ण सुकेपर्यंत ठेवा. पावसाळ्यात सुकायला रात्र लागते. म्हणून नरसाळी-व्हॉल्व्हचे दोन संच घेणं ही मला या सगळ्यातली सगळ्यांत शहाणी खरेदी वाटते.

डॉक्टरांकडे कधी

स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला, सोबत थंडी वाजून ताप आला, तर वाट बघू नका. तोवर जोरजोराने चोळू नका आणि ‘पूर्ण रिकामा’ करायच्या नादात जास्तीचा पंपही लावू नका. बाळाला नेहमीसारखं पाजत राहा आणि मधल्या वेळात गार शेक द्या. स्तनाग्राला चीर पडली, रक्त आलं, तर आधी माप तपासा, मग ओढ कमी करा. तरीही थांबलं नाही तर स्तनपान सल्लागाराला दाखवा. बहुतेक मोठ्या प्रसूतिगृहांत आता त्या असतात.

दूध भरपूर येत असेल आणि फ्रीजर भरला असेल तर ते ओतू नका. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली इथेच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अशा पेढीत दूध देणाऱ्या आईच्या एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सिफिलिससाठी रक्ताच्या तपासण्या होतात. मग दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून पाश्चराइज करतात आणि एनआयसीयूतल्या बाळांना देतात. आधी तिथे विचारून घ्या, कारण घरी साठवलेलं दूध घेतात की तिथेच काढावं लागतं, हे त्यांच्या नियमांवर ठरतं.